हीटर बंद पडून टाकीचे पाणी २६ वरून १८ अंशांवर उतरले. मासे कसे सावरावेत?

निळेपाणी (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे गोड्या पाण्याची, वनस्पती लावलेली १०० लिटरची टाकी आहे. तीत दोन एंजल, कार्डिनल टेट्रांचा थवा, काही कोरीडोरास (तळाशी वावरणारे छोटे मासे) आणि गप्पी आहेत. पाणी नेहमी २६ अंश सेल्सिअसवर असते. काल रात्री हीटरचा थर्मोस्टॅट निकामी झाला आणि खोलीत कडाक्याचा गारठा असल्यामुळे सकाळी तापमापकावर १८ अंश दिसले. फिल्टर आणि एअर पंप रात्रभर चालू होते. बिघाड केवळ हीटरचा आहे.

कार्डिनलांचा लाल पट्टा फिका पडला असून ते थवा मोडून वनस्पतींच्या बुंध्यांशी निश्चल थांबले आहेत. कोरीडोरास जागचे हलत नाहीत, मात्र त्यांच्या कल्ल्यांची उघडझाप दिसते. गप्पींनी पर अंगाशी मिटून घेतले आहेत. एक एंजल कलून तरंगतो आहे आणि दुसरा तळावर जवळजवळ आडवा पडला आहे. तो जिवंत आहे की नाही हेही खात्रीने सांगता येत नाही.

माझ्याजवळ १०० वॅटचा दुसरा हीटर आहे आणि तो २६ अंशांवर लावून टाकीत सोडण्याचा विचार आहे. परंतु पाणी किती वेगाने तापवावे याबाबत सल्ले परस्परविरोधी आहेत. कोणी तासाला एक अंश म्हणतो, कोणी दिवसाला दोन अंशांहून अधिक नको असे बजावतो, तर कोणी सरळ गरम पाणी ओतायला सांगतो. शिवाय मासे अशक्त झाले असतील म्हणून आज थोडे अधिक खाद्य द्यावे का, पाण्यात मीठ घालावे का, आणि रोग उद्भवण्याआधीच औषध टाकून ठेवावे का, या तीन गोष्टींवरही मार्गदर्शन हवे आहे.

संथप्रवाह

तळावर पडलेल्या एंजलला आत्ताच बाहेर काढू नका. मासा स्वतःची उष्णता राखत नाही. पाणी जितके गार तितके त्याचे शरीर गार. तापमान झपाट्याने उतरले की पेशींच्या पटलांतील स्निग्ध घटक घट्ट होतात, मज्जातंतू आणि स्नायू मंदावतात, आणि तोल सांभाळण्याची क्षमता सर्वांत आधी जाते. त्यामुळे आडवा पडलेला, स्पर्शालाही प्रतिसाद न देणारा मासा पुष्कळदा जिवंत असतो. कल्ल्याच्या झाकणाकडे एक-दोन मिनिटे सलग पाहा. गारठलेल्या माशाचा श्वास इतका विरळ होतो की ओझरत्या नजरेला तो थांबल्यासारखाच वाटतो. पाणी पूर्ववत होऊन काही तास उलटल्यानंतरही हालचाल नसेल, डोळे दुधाळ झाले असतील, तरच तो गेला असे समजा.

आता हीटर. दुसरा हीटर टाकीत सोडा, परंतु तो फिल्टरच्या प्रवाहाजवळ ठेवा, म्हणजे तापलेले पाणी एका कोपऱ्यात साचून राहणार नाही; तापमापक मात्र टाकीच्या विरुद्ध टोकाला लावा. गरम पाणी थेट ओतू नका. त्याने सरासरी तापमान फारसे बदलत नाही, पण ओतलेल्या जागी जो मासा असेल त्याच्या अंगावर काही क्षणांकरिता फार उष्ण पाणी येते, आणि नेमके या अवस्थेतील मासे चपळाईने बाजूला होऊ शकत नाहीत. तासाला सुमारे एक अंश हा वेग मी योग्य मानतो. दिवसाला दोन अंश या हिशेबाने निघालात, तर तुमचे मासे आणखी चार दिवस त्यांना न सोसणाऱ्या पाण्यात राहतील, आणि त्यात मला काहीच शहाणपण दिसत नाही.

खाद्याबाबत माझे मत ठाम आहे: आज आणि उद्या काहीही देऊ नका. अशक्तपणाला खाणे हा उपाय माणसाच्या सवयीतून सुचतो, माशाच्या शरीरातून नव्हे. गार पाण्यात पचन मंदावते किंवा जवळजवळ थांबते. आतड्यात अडकलेले अन्न कुजून वायू धरतो, पोट फुगते आणि तोल आणखी बिघडतो. काल रात्री हीटर बंद पडण्याच्या सुमारास तुम्ही खाद्य दिले असेल, तर त्या अन्नाची ही अडचण आधीच निर्माण झालेली असू शकते, तीत भर नको. प्रथिनयुक्त खाद्य खाल्लेला मासा अचानक गार पाण्यात सापडला, तर त्याच्या रक्तातील अमोनिया कल्ल्यांवाटे पुरेशा वेगाने बाहेर पडत नाही आणि शरीरातच साठतो, ही दुसरी बाजूही लक्षात घ्या. मोठे मासे दोन-तीन दिवस उपाशी राहिल्याने त्यांना काही होत नाही. अपवाद फक्त नुकत्याच जन्मलेल्या पिलांचा. गप्पींची पिले असतील तर त्यांना पाणी २३-२४ अंशांवर आल्यावर अगदी चिमूटभर बारीक खाद्य द्यावे.

टाकीचा दिवा आज लावू नका आणि टाकीशी शक्य तितकी कमी खुडबूड करा. वनस्पती छाटणे, खडी उपसणे, आडव्या माशाला जाळीने उचलून वेगळ्या भांड्यात ठेवणे, या सर्व गोष्टी पुढे ढकलाव्यात. प्रतिबंधक औषध टाकू नका. ज्या माशाचे यकृत आणि मूत्रपिंडे आधीच मंदावली आहेत त्याला, रोग नसताना, रसायन पचवायला लावणे हे त्याच्यावरचे ओझेच आहे. बाटलीवर ‘सर्व रोगांवर उपयुक्त’ असे छापलेले असले की माझा तरी तिच्यावरचा विश्वास उडतो.

मिठाची गोष्ट थोडी निराळी आहे. गोड्या पाण्यातील माशाच्या शरीरात पाणी सतत शिरत असते आणि क्षार बाहेर झिरपत असतात. हा समतोल राखायला त्याला ऊर्जा लागते, आणि थंडीच्या धक्क्यानंतर तीच कमी पडते. लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात आयोडीनविरहित साधे मीठ हे ओझे काहीसे हलके करते. परंतु तुमच्याकडे वनस्पती आणि कोरीडोरास दोन्ही आहेत आणि त्यांना मीठ फारसे मानवत नाही, त्यामुळे मी आज मीठ टाळले असते.

तळाचीवाळू

संथप्रवाह यांच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे. मात्र तापवण्याच्या वेगाविषयी जी भीती सर्वत्र पसरलेली आहे, तिच्याकडे थोडे गणिताने पाहावे असे वाटते, कारण प्रश्न विचारणाऱ्याच्या बाबतीत हा वाद बराचसा निरर्थक आहे.

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे १०० लिटरला ४२० किलोज्यूल. शंभर वॅटचा हीटर सेकंदाला ०.१ किलोज्यूल देतो. तेव्हा काचेतून आणि पृष्ठभागावरून काहीही उष्णता निसटत नाही असे धरले, तरी एका अंशाला ४,२०० सेकंद, म्हणजे सत्तर मिनिटे लागतील. खोली गार असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून अधिक वेळ लागेल. थोडक्यात, हा हीटर २६ वर लावून ठेवला तरी तो तासाला एक अंशाची मर्यादा ओलांडूच शकत नाही. दर तासाला उठून त्याची कळ एकेक अंशाने वर फिरवत बसण्याचे कारण नाही. ज्यांची टाकी २०-३० लिटरची आहे आणि हीटर १०० वॅटचा, त्यांना मात्र ही काळजी घ्यावी लागेल. तिथे तासाला तीन-चार अंशांची उडी सहज बसते.

दुसरी गोष्ट अशी की गार होणे आणि उबेकडे परतणे हे दोन्ही सारखेच घातक आहेत, असा समज या सल्ल्यांच्या मुळाशी दिसतो. तो बरोबर नाही. माशाचे शरीर वाढत्या तापमानाशी तुलनेने लवकर जुळवून घेते, तर उतरत्या तापमानाशी जुळवून घ्यायला त्याला कित्येक दिवस लागू शकतात. शिवाय तुमचे मासे कालपर्यंत २६ अंशांतच राहत होते. एका रात्रीत ते १८ अंशांना सरावलेले नाहीत. ते फक्त गारठले आहेत. त्यांना कित्येक आठवडे १८ अंशांत राहिलेल्या माशांसारखे वागवण्याची गरज नाही. कार्डिनल साधारण २३ ते २९ अंशांचा मासा आहे आणि एंजलला २४ च्या खाली फार काळ ठेवू नये. या दोघांच्या दृष्टीने १८ अंशांत जाणारा प्रत्येक जादा तास तोट्याचा आहे. गप्पी १८-१९ अंशही काही काळ काढून नेतात, म्हणूनच ते अजून पोहत आहेत.

मग गती मर्यादित ठेवण्याचे खरे कारण कोणते? माझ्या मते ते पाण्यात आहे. १८ अंशांचे पाणी लिटरला सुमारे ९.५ मिलिग्रॅम प्राणवायू धरू शकते, २६ अंशांचे केवळ ८.१. पाणी तापते तसा माशाचा चयापचय वाढतो, त्याची प्राणवायूची गरज वाढते, आणि त्याच वेळी पाण्याची धारणशक्ती घटते. झटकन तापलेल्या पाण्यातून जादा वायू बाहेर पडायला वेळ मिळाला नाही, तर त्याचे सूक्ष्म बुडबुडे काचेवर आणि क्वचित माशाच्या परांवर व डोळ्यांभोवतीही धरतात. म्हणून एअर पंप पूर्ण क्षमतेने चालू ठेवा आणि फिल्टरचा झोत पृष्ठभाग हलवेल असा वळवा.

आणि अमोनिया. पाण्यातील एकूण अमोनियापैकी विषारी असतो तो अल्प भाग, आणि हा भाग पाण्याच्या सामूवर (pH) व तापमानावर ठरतो. सामू ७ आणि तापमान २५ अंश असताना तो जेमतेम अर्धा टक्का असतो. सामू ८ असेल तर पाच टक्क्यांच्या पुढे जातो. सामू ८ च्याच पाण्यात १८ अंशांना तो तीन-साडेतीन टक्के असतो आणि २६ अंशांना साडेपाचहून अधिक. म्हणजे पाणी गार असताना जी मोजणी निरुपद्रवी वाटली, तीच पाणी तापल्यावर तितकी निरुपद्रवी राहत नाही. त्यात फिल्टरमधील जिवाणूही थंडीत मंदावलेले असतात. आज संध्याकाळी आणि पुढचे काही दिवस रोज अमोनिया व नायट्राइट मोजा. खाद्य बंद ठेवण्याचे हे आणखी एक कारण.

हिरवेशेवाळ

हीटर उपलब्ध आहे म्हणून ठीक. परंतु हाच प्रसंग वीज जाऊन ओढवला असता तर काय, हेही नोंदवून ठेवतो, कारण असा प्रश्न घेऊन येणाऱ्यांपैकी अनेकांची अडचण तीच असते.

वीज नसताना टाकीच्या तिन्ही बाजूंना आणि शक्य असेल तर तळाखालीही थर्मोकोल किंवा जाड पांघरूण लावावे. पाठीमागची आणि बाजूंची काच आधी झाकावी. वर झाकण ठेवावे, पण हवेला फट असू द्यावी. उष्णता सर्वांत अधिक जाते ती उघड्या पृष्ठभागावरून, बाष्पीभवनाने. ज्यांच्याकडे फायटर किंवा गौरामी आहेत त्यांनी झाकणाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण हे मासे पृष्ठभागावर येऊन हवा घेतात आणि पाण्यापेक्षा फार गार हवा त्यांना मानवत नाही.

गरम पाण्याच्या बंद बाटल्या तरंगत ठेवण्याचा उपाय चांगला आहे, फक्त त्याकडून अवास्तव अपेक्षा नको. साठ अंशांच्या पाण्याची एक लिटरची बाटली १८ अंशांच्या शंभर लिटर पाण्यात पूर्ण निवली, तरी टाकीचे तापमान जेमतेम ०.४ अंशाने वाढते. बाटल्या आळीपाळीने बदलत राहाव्या लागतात; तापमान वर नेण्यापेक्षा ते आणखी उतरू न देणे, एवढेच त्यांच्याने साधते. बाटलीचे झाकण घट्ट असावे आणि ती पूर्वी साबण वा रसायनाची नसावी.

वीज कित्येक तास गेली असेल आणि बाहेरून लावायचा बंद डब्याचा फिल्टर असेल, तर वीज परतल्यावर तो तसाच सुरू करू नका. आतले पाणी हलायचे थांबले की तेथील प्राणवायू संपतो, उपयुक्त जिवाणू मरू लागतात आणि डब्यात दुर्गंधीयुक्त, काळपट पाणी साचते. ते ओतून द्यावे, स्पंज टाकीतल्याच पाण्यात हलक्या हाताने खळबळून घ्यावा आणि मगच फिल्टर चालू करावा. गारठलेल्या माशांवर हे कुजके पाणी आले की पुढचे मृत्यू थंडीच्या नावावर टाकले जातात.

निळेपाणी

सर्वांचे मनापासून आभार. पाणी रात्री २६ अंशांवर पोहोचले. आडवा पडलेला एंजल पाणी २२ अंशांच्या वर गेल्यानंतर सरळ झाला आणि दुसऱ्या दिवशी इतरांबरोबर पोहू लागला, हे पाहून मलाच आश्चर्य वाटले. एक कार्डिनल मात्र वाचला नाही. कोरीडोरास पूर्ववत आहेत.

मधले काही दिवस सारे सुरळीत होते. अमोनिया एकदा ०.५ पर्यंत चढला होता, सामू ७.२ आहे. चौथाई पाणी बदलले आणि आता तो शून्यावर आहे. परंतु आज सकाळी एंजलच्या शेपटीवर आणि दोन कार्डिनलांच्या परांवर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके दिसले, आणि एक गप्पी वारंवार दगडाला अंग घासतो आहे. हा पांढऱ्या ठिपक्यांचाच रोग असावा. दुसरीकडे एका गप्पीच्या ओठांभोवती कापसासारखा करडा-पांढरा थर आहे. दोन्हींवर पाणी ३० अंशांपर्यंत तापवणे हाच उपाय आहे का?

संथप्रवाह

नाही, आणि तो गप्पी आजच वेगळ्या भांड्यात घ्या. ओठांभोवतीचा थर बुरशीसारखा दिसला तरी तो बहुधा ‘कॉलम्नॅरिस’ या जिवाणूजन्य रोगाचा असतो. खरी बुरशी बहुतेक वेळा जखमेवर किंवा मेलेल्या त्वचेवर येते, तिचे तंतू लांब आणि मोकळे असतात आणि ती गार पाण्यात अधिक फोफावते. कॉलम्नॅरिसचा थर आखूड, चिकट आणि बहुधा तोंडापासून सुरू होणारा असतो आणि उबदार पाण्यात तो झपाट्याने पसरतो. पांढऱ्या ठिपक्यांसाठी म्हणून पाणी ३० अंशांवर नेले आणि टाकीत कॉलम्नॅरिस असला, तर एका रोगावरचा उपाय दुसऱ्याला खतपाणी घालतो. त्या गप्पीला २४ अंशांच्या आसपास, भरपूर हवा असलेल्या वेगळ्या भांड्यात ठेवा. त्याला जिवाणूंवरचे औषध लागेल आणि ते मत्स्यरोगांची माहिती असलेल्या पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावे. मुख्य टाकी तापवण्यापूर्वी एक-दोन दिवस इतर माशांची तोंडे आणि पाठीचे पर नीट न्याहाळा. तसा थर आणखी कोणावर दिसला, तर पाणी न तापवता औषधाचाच मार्ग धरा.

असे काही आढळले नाही, तर ठिपक्यांकडे वळता येईल. हा रोग ‘इक्थिओफ्थिरियस’ नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होतो. जो पांढरा ठिपका दिसतो तो त्वचेच्या वरच्या थराखाली दडून बसलेला, माशाच्या ऊतींवर पोसणारा परजीवी असतो आणि तेथे कोणतेही औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पूर्ण वाढ झाली की तो माशाला सोडून तळाशी वा वनस्पतींवर चिकटतो, स्वतःभोवती कवच तयार करतो आणि आतल्या आत विभाजित होऊन शेकडो पिले सोडतो. ही मोकळी पोहणारी पिले एक-दोन दिवसांत मासा न मिळाल्यास मरतात. औषध लागू पडते ते फक्त याच टप्प्यावर. म्हणूनच ठिपके नाहीसे झाले की औषध थांबवणारे लोक आठवड्याभरात पुन्हा तोच प्रश्न घेऊन येतात. ठिपका गळून पडणे हा परजीवीच्या आयुष्यातील एक टप्पा आहे, त्याचा शेवट नव्हे.

थंडीच्या धक्क्यानंतर हा रोग का उफाळतो, हेही यातून कळते. माशाची रोगप्रतिकारशक्ती तापमानावर अवलंबून असते आणि गारठ्यात प्रतिद्रव्ये तयार होण्याचे काम मंदावते. टाकीत आधीपासून थोड्या संख्येने असलेला परजीवी एरवी डोके वर काढत नाही. त्या काही दिवसांत त्याला मोकळे रान मिळते. गारठा एका रात्रीत ओसरला, तरी त्याचा खरा परिणाम त्यानंतर आठवडा-दोन आठवडे पुढे येत राहतो.

तापमान २५ अंश असताना परजीवीचे एक चक्र पूर्ण व्हायला ढोबळमानाने चार ते सहा दिवस लागतात आणि १० अंशांना महिन्याहून अधिक. तापमान वाढवल्याने हे चक्र वेगाने फिरते, आणि ३० अंशांच्या आसपास बहुतेक वेळा त्याचे पुनरुत्पादनच थांबते. दिवसाला एक-दोन अंश या गतीने २६ वरून ३० वर जा आणि शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यानंतरही किमान आठवडाभर तेथेच राहा. या काळात पाण्यातील प्राणवायू आणखी कमी होतो, तेव्हा मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करताना दिसले, तर हवा वाढवा किंवा एक अंश खाली या. एक दिवसाआड तळाची खडी नळीने उपसून पंचमांश पाणी बदलल्यास कवचातील पुष्कळ परजीवी बाहेर जातात. नवे पाणी क्लोरीनमुक्त आणि टाकीच्याच तापमानाचे असावे. निम्मे पाणी १८ अंशांचे घातले तर ३० अंशांची टाकी एका क्षणात २४ वर येते, म्हणजे ज्या धक्क्याने हे सारे सुरू झाले त्यासारखाच दुसरा धक्का.

काही वेळा हा परजीवी ३० अंशांनाही तग धरतो. तीन-चार दिवसांत नवे ठिपके येणे थांबले नाही, तर केवळ उष्णतेवर विसंबून राहू नका. पाणी पुन्हा २६-२७ अंशांवर आणा आणि मॅलाकाइट ग्रीन असलेले औषध वापरा. ते खवले नसलेल्या माशांना आणि टेट्रांना जड जाते, म्हणून बहुतेक जाणकार निम्म्या मात्रेने सुरुवात करतात. फिल्टरमध्ये सक्रिय कोळसा असेल तर तो आधी काढा, अन्यथा औषध तोच शोषून घेईल. हातमोजे घाला, हे रसायन त्वचेला लागू देऊ नये. तांबेयुक्त औषध मात्र टाकीत गोगलगायी किंवा कोळंबी असतील तर मुळीच नको.

तळाचीवाळू

एक दुरुस्ती सुचवतो. तीस अंश हे एंजलला सहज मानवतात, कार्डिनल आणि गप्पी ते भरपूर हवेच्या भरवशावर काढतात, पण कोरीडोरासच्या बहुतेक जाती २२ ते २६ अंशांच्या आहेत. ‘स्टर्बाई’ ही जात उष्णता चांगली सोसते. इतरांना दहा-बारा दिवस ३० अंशांत ठेवणे मला पटत नाही. तुमचे कोरीडोरास दुसऱ्या जातीचे असतील, तर २८.५-२९ वर थांबा आणि त्यासोबत लिटरला एक ग्रॅम मीठ द्या. कोरीडोरासना मीठ अजिबात चालत नाही, हे विधान मला अतिशयोक्त वाटते. एवढे मीठ, आधी वेगळ्या पाण्यात विरघळवून आणि दोन दिवसांत विभागून घातले, तर ते सोसतात. कोवळ्या पानांच्या काही वनस्पती मात्र कोमेजतील, ही किंमत गृहीत धरावी. मीठ बाष्पीभवनाने उडत नाही. नुसते आटलेले पाणी भरताना पुन्हा मीठ घालू नका, जेवढे पाणी उपसून काढले तेवढ्यापुरतेच घाला.

संथप्रवाह

मिठाच्या मात्रेविषयी आपले एकमत आहे, पण लिटरला एक ग्रॅम मीठ परजीवीला मारायला पुरेसे नसते, ते फक्त माशाला आधार देते. त्यामुळे २९ अंश आणि हे मीठ मिळून काम होईल, याची मी खात्री देणार नाही. कोरीडोरासच्या तब्येतीचा विचार असेल, तर २६ अंश आणि निम्म्या मात्रेचे औषध हा मार्ग मी निवडेन.

हिरवेशेवाळ

रोगाचा वाद वरील दोघांवर सोपवतो. हीटरविषयी थोडे लिहायचे राहिले आहे.

एका १०० वॅटच्या हीटरऐवजी ५० वॅटचे दोन वापरावेत. थर्मोस्टॅट दोन प्रकारे बिघडतो: एक तर तो जोडणी करतच नाही आणि पाणी गार होते, किंवा जोडणी सोडत नाही आणि पाणी तापतच राहते. दुसरा प्रकार अधिक भयंकर आहे, कारण गारठलेले मासे पुष्कळदा सावरतात, उकाड्याने मेलेले सावरत नाहीत. दोन छोटे हीटर असल्यास एक बंद पडला तर दुसरा तापमान निदान धोक्याच्या रेषेवर धरून ठेवतो, आणि एक चालूच राहिला तर त्याच्या एकट्याच्या क्षमतेने एवढी टाकी उकळण्याच्या आत तुमच्या लक्षात येते. लिटरला एक वॅट हा ढोबळ नियम उबदार खोलीसाठी पुरतो. ज्या खोलीत रात्री टाकीपेक्षा दहा-बारा अंशांनी अधिक गारठा पडतो तेथे लिटरला दीड वॅट धरावा.

हीटरच्या कळीवर छापलेले आकडे प्रमाण मानू नका. दोन-तीन अंशांचा फरक सर्रास असतो. स्वतंत्र तापमापक हाच खरा आधार. त्याहून बरे म्हणजे बाहेरचा तापमान नियंत्रक, ज्याचा संवेदक पाण्यात वेगळा बुडवलेला असतो: हीटरच्या आतला थर्मोस्टॅट एक अंश वर लावून ठेवावा आणि रोजचे चालू-बंद करण्याचे काम नियंत्रकाकडे द्यावे, म्हणजे एकाच्या बिघाडाला दुसरा आवर घालतो. धोक्याचा इशारा देणारा भोंगा असलेला नियंत्रक मिळाला तर रात्रीच कळते, सकाळची वाट पाहावी लागत नाही.

पाणी बदलताना हीटर आधी बंद करून पंधरा मिनिटे थांबावे. तापलेली काचनळी पाण्याबाहेर उघडी पडली किंवा तिच्यावर गार पाणी आले तर ती तडकते. ज्या हीटरच्या आत काचेवर दव धरलेले दिसते तो, चालत असला तरी, टाकीत ठेवू नये. तुमच्या बंद पडलेल्या हीटरचा थर्मोस्टॅट ठोकून-हलवून पुन्हा सुरू झाला, तरी तो राखीव म्हणून ठेवण्याचा मोह टाळा. एकदा अडकलेला संपर्क पुढच्या वेळी कोणत्या बाजूने अडकेल, ते सांगता येत नाही.